सहाने भागलेलं इंजिन

मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर होतं, म्हणजे अडीच फूट. त्याला सहाने भागलं की १२७ मिलिमीटर येतात, बरोबर पाच इंच. घरच्या वर्कशॉपमध्ये वाफेची इंजिनं बनवणाऱ्यांमध्ये जी मापं जगभर रूढ आहेत, साडेतीन, पाच, सव्वासात इंच, त्यातलंच हे एक. हा भागाकार एकदा कागदावर जुळला आणि मग मला दुसरं इंजिन सुचेना. आत कोळसा जळणारं, पाणी उकळणारं, मागच्या गाडीवर बसलेल्या माणसांना ओढून नेणारं इंजिन बनवायचं, आणि ते बार्शी लाइटच्या सहाव्या हिश्शाचं.

माझं लहानपण मिरजेचं. पुणे–मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाल्यावर आमच्या एका स्टेशनात तिन्ही गेजच्या गाड्या दिसायच्या. त्यातली सगळ्यात अरुंद गाडी पंढरपूरची. ही रेल्वे १८९७ मध्ये बार्शीकडे सुरू झाली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. ती आखणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचं सूत्र असं होतं की कुठल्याही अ‍ॅक्सलवर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग ते इंजिन असो की डबा. त्यामुळे हलके रूळ चालले आणि बांधणीचा खर्च आटोक्यात राहिला. पण जड इंजिनाचा भार वाटायचा तर चाकं जास्त हवीत. लीड्सच्या किटसन कंपनीनं बांधलेल्या तिथल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडचाकं आणि मागे चार साधी चाकं होती, ती याच कारणानं. माझ्या रुळांना तो प्रश्न नाही. म्हणून गेज बार्शीचं, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या घेतलेला बांधाही तिकडचाच, पण चाकं चारच ठेवली. तंतोतंत प्रतिकृती मला करायचीच नव्हती. मला वाफेवर चालणारं यंत्र हवं होतं.

सहाने भागायचं म्हणजे काय, हे ड्रॉइंग बोर्डावर बसल्यावर कळायला लागतं. लांबी सहापट कमी झाली की क्षेत्रफळ ३६ पट कमी होतं आणि घनफळ २१६ पट. वजन घनफळाबरोबर घटतं, पिस्टनवरचा जोर क्षेत्रफळाबरोबर. म्हणजे बॉयलरचं प्रेशर तेच ठेवून सगळी मापं सहाने भागली, तर वजनाच्या मानानं जोर सहापट होईल आणि चाकं जागच्या जागी गरगरत राहतील. प्रेशर तरी उतरवावं लागतं, नाहीतर सिलिंडर तरी बारीक करावा लागतो. मी दोन्ही केलं. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ३२ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ४५, चाकाचा व्यास ११५ आणि बॉयलरचं प्रेशर चौरस इंचाला ८० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलोच्या किंचित वर. या मापांत इंजिनाची खेच साधारण १९ किलो येते. इंजिनाचं वजन ७० किलोच्या आसपास. खेच वजनाच्या पाव हिश्शाजवळ राहिली की चाक रुळाला धरून चालतं.

वर्कशॉप म्हणजे सांगलीतल्या घरामागची पत्र्याची खोली. कुपवाडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये नोकरी झाली, त्यामुळे हातांना लेथची सवय होती. निवृत्तीच्या आधीच एक जुना साडेचार फुटी लेथ घेऊन ठेवला होता. त्याशिवाय एक खांबाचं ड्रिल, एक छोटं मिलिंग मशीन, सरफेस प्लेट आणि हाइट गेज. बारीक आट्याचे टॅप सांगलीत मिळेनात, ते मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळाले. तिथे एकेका दुकानात डबे उपसत बसणं हा या छंदातला मला फार आवडणारा भाग आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा या खोलीपर्यंत आली होती. लेथचा हेडस्टॉक आणि मोटार आम्ही आधीच वर उचलून ठेवली होती, बेड मात्र पाण्यात राहिला. पाणी ओसरल्यावर तो रॉकेलनं धुऊन, तेल लावून, बारीक ऑइलस्टोन फिरवून पुन्हा उभा केला. ओतकामासाठी केलेले लाकडी पॅटर्न त्या वेळी शेजाऱ्यांच्या माळ्यावर होते म्हणून वाचले.

फ्रेमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाच मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या, दोन्ही एकत्र आवळून एकाच वेळी भोकं पाडायची, म्हणजे डावं-उजवं आपोआप जुळतं. चाकांचं काम मात्र मजेचं झालं.

चाकं बिडाची हवीत. आऱ्यांची चाकं पत्र्यातून कापून बिडासारखी दिसत नाहीत आणि चालतही नाहीत. त्यासाठी आधी लाकडी पॅटर्न करायचा. बीड गार होताना मीटरला सुमारे दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा. वर मशीनिंगसाठी दोन-तीन मिलिमीटर जास्त. शिवाय वाळूतून पॅटर्न न ओरखडता वर निघावा म्हणून प्रत्येक उभ्या बाजूला थोडा उतार. सागाच्या फळीतून आऱ्या कोरताना हे तिन्ही हिशेब डोक्यात ठेवावे लागतात. ओतकामासाठी कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. चार चाकं म्हटल्यावर पहिल्या एक-दोन ठिकाणी नकारच आला, आणि तो रास्त होता. रोज टनांत ओतणाऱ्यांनी चार चाकांसाठी मोल्डिंग कुठे थांबवायचं? एका छोट्या फौंड्रीच्या मालकांनी पॅटर्न हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे कशाचं हो?" इंजिनाचं म्हटल्यावर त्यांनी मोल्डरला हाक मारली. मोल्डरनं आऱ्या आणि कडा जिथे मिळतात ते कोपरे बोटानं दाखवले. "इथं गोलाई द्या, न्हाईतर गार होताना तडकंल." घरी येऊन मेणाची पट्टी दाबून सगळे आतले कोपरे गोल केले. ओतून आलेल्या चाकांत एकही तडा नव्हता.

चाक लेथवर धरून रुळावर टेकणारा भाग दोन-तीन अंशांच्या उतारानं घ्यायचा. त्या उतारामुळेच जोडी रुळांच्या मधोमध राहते, कडेची बाहेर आलेली कड ही फक्त राखण. दोन चाकांच्या आतल्या अंगांमधलं अंतर या गेजला ११९ मिलिमीटर. मग येतं क्वार्टरिंग. डाव्या आणि उजव्या चाकाच्या क्रँकपिन एकमेकींशी काटकोनात हव्यात, म्हणजे एक पिस्टन टोकाला जाऊन अडला असेल तेव्हा दुसरा मधोमध पूर्ण जोरात असतो आणि इंजिन कुठल्याही स्थितीतून सुटतं. कोन ९० अंशांना किंचित चुकला तरी इंजिन कुरकुर करत नाही. पण पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचा कोन एकमेकांशी चुकला तर पुढची-मागची चाकं जोडणारा कपलिंग रॉड दर फेरीत दोनदा अडकतो. म्हणून एकच जिग बनवून दोन्ही अ‍ॅक्सल त्यातच बसवले. चाकं अ‍ॅक्सलवर चिकटवायला लॉकटाइटचं रिटेनिंग कंपाउंड वापरलं. काही मिनिटांत ते धरतं, तेवढ्यात जिगमध्ये नजर ठेवून बसायचं. जोडचाकं फ्रेममध्ये बसली, रॉड चढवले आणि बोटानं ढकलल्यावर सगळं एका लयीत फिरलं, त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला खोलीत बोलावून ते ढकलून दाखवलं.

सिलिंडर गनमेटलचे. ते लेथच्या क्रॉस स्लाइडवर आवळले, दोन सेंटरमध्ये बोअरिंग बार फिरवला आणि सॅडल सावकाश पुढे नेली. अशानं बोअर सरळ आणि समांतर येतो. सिलिंडरमध्ये वाफ सोडणारा स्लाइड व्हॉल्व्ह जिथे सरकतो तो पोर्ट फेस सपाट हवा, अगदी सपाट. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून त्यावर तो आठच्या आकड्यात घासायचा, उंचवटे दिसावेत म्हणून निळं लावून पाहायचा, पुन्हा घासायचा. व्हॉल्व्ह गिअर, म्हणजे हा व्हॉल्व्ह हलवणारी जोडणी, वॉल्शर्ट पद्धतीचं घेतलं, कारण ते बाहेरून दिसतं आणि चालताना पाहत राहावंसं वाटतं. त्याचे दांडे आणि पिना हे निव्वळ चिकाटीचं काम आहे, त्यात शिरत नाही. पिस्टनला व्हायटॉनची ओ-रिंग. ८० पौंडाला वाफेचं तापमान १६२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, ते तिला सोसतं.

आता बॉयलर. या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ, पैसा आणि विचार बॉयलरमध्ये गेला, आणि तो तसाच जायला हवा.

भारतातल्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं येत नाही. माझ्या बॉयलरमध्ये तीन लिटरच्या आसपास पाणी राहतं. म्हणजे कुणी इन्स्पेक्टर येऊन तपासणार नाही. पण १६२ अंशांवरचं पाणी कोंडलेलं असतं म्हणून पाणी असतं. भांडं फुटलं की त्याचा आठवा-नववा हिस्सा क्षणात वाफ होतो. एक लिटर पाण्याची उघड्यावर सुमारे १,६७० लिटर वाफ होते. हिशेब केला तर माझ्या तीन लिटरांतून एका दमात पाचशे लिटरच्या घरात वाफ बाहेर येईल, तीही माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर, कारण हे इंजिन चालवणारा त्याच्या मागेच बसतो. कायद्यानं मोकळं सोडलं म्हणून काम सैल होत नाही. उलट सगळी तपासणी आपल्यालाच करायची आहे, म्हणून ती जास्त कडक हवी.

बॉयलर तांब्याचा. नळकांड्याचा व्यास १२५ मिलिमीटर, जाडी तीन. नळकांडं फाटू पाहणारा ताण काढायला प्रेशर गुणिले व्यास भागिले दुप्पट जाडी. तो येतो चौरस मिलिमीटरला साडेअकरा न्यूटनच्या आसपास, तांब्याच्या ताकदीच्या मानानं पुष्कळ कमी. पुढच्या सपाट प्लेटवर मात्र सहाशे किलोहून जास्त जोर बसतो. गोल नळकांडं हा जोर स्वतःच्या आकारात पेलतं, सपाट पत्रा फुगतो. म्हणून पुढच्या-मागच्या प्लेटना लांब स्टे, म्हणजे आतून धरून ठेवणाऱ्या सळया, आणि कोळसा जिथे जळतो त्या फायरबॉक्सच्या सपाट भिंतींना दर २० मिलिमीटरवर आडवे स्टे. प्रत्येक स्टेच्या वाट्याला २२ किलोच्या आसपास जोर येतो. पाच मिलिमीटरचा स्टे धरला की ताण पुन्हा साडेअकराच्या जवळपासच. हे दोन आकडे जुळले तेव्हा बरं वाटलं.

नळ्यांचा हिशेब सगळ्यात शिकवणारा निघाला. मोठ्या इंजिनांत धुराच्या नळ्या साधारण ५० मिलिमीटरच्या असतात. सहाने भागल्या तर आठ मिलिमीटरच्या नळ्या होतील आणि त्या काजळीनं लगेच बुजतील. धूर आणि काजळी काही सहाने भागली जात नाही. छोट्या इंजिनांसाठी जुन्या कारागिरांनी ठरवलेलं प्रमाण असं: नळीची लांबी इंचात, भागिले आतल्या व्यासाचा वर्ग, उत्तर साठ-सत्तरच्या आसपास हवं. माझी नळी २५० मिलिमीटर लांब, आतून दहा मिलिमीटर. उत्तर येतं साठच्या जरा वर. म्हणून मोठ्या इंजिनाच्या मानानं माझ्या बॉयलरमध्ये नळ्या कमी आहेत आणि जाड आहेत.

प्लेटच्या कडा वळवायला सागाचा ठोकळा केला. तांबं लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवलं की मऊ पडतं, पण दहा-वीस ठोक्यांत पुन्हा कडक होतं. कडक झाल्यावरही ठोकत राहिलं तर चिरतं. ठोक्याचा आवाज बदलला, बद्दच्या जागी टणटणीत यायला लागला, की थांबायचं आणि पुन्हा भट्टीत.

सांधे चांदीच्या झाळीचे. इथे मला आमच्याच भागातला गुरू मिळाला. सांगलीहून हुपरी काही लांब नाही, पैंजणांसाठी महाराष्ट्रभर नाव असलेलं गाव. एका नातलगांच्या ओळखीनं तिथल्या एका वयस्कर कारागिरांकडे बसायला मिळालं. तीन पिढ्यांचं काम. त्यांच्या पाटावर टाकणखार, चांदीच्या झाळीचे बारीक तुकडे आणि तोंडात फुंकणी. पैंजणाची कडी ते जोडताना पाहिलं तेव्हा लक्षात आलं की ते झाळेकडे बघतच नाहीत, तांब्या-चांदीच्या रंगाकडे बघतात. मला म्हणाले, "झाळ ज्योतीमागं पळती. तुम्ही झाळ ढकलू नका, ज्योत फिरवा." बॉयलरचा एकेक सांधा करताना हे वाक्य मी मनात घोकत होतो.

त्यांच्या पद्धतीत मला एकच बदल करावा लागला. टाकणखार वितळतो ७४० अंशांच्या पुढे. बॉयलरसाठी मी घेतलेली ५५ टक्के चांदीची झाळ ६३० ते ६६० अंशांत वाहते. टाकणखार पातळ होऊन पृष्ठभाग साफ करण्याआधीच झाळ वाहायला लागेल. म्हणून फ्लोराइड असलेला फ्लक्स घेतला, आणि काम उघड्यावर, वारा पाठीकडून येईल असं. झाळीतही निवड नीट करावी लागते. फ्रिजवाले तांब्याच्या नळ्यांना वापरतात ती फॉस्फरसवाली काडी स्वस्त मिळते, पण कोळशाच्या धुरातल्या गंधकानं तो सांधा हळूहळू पोखरला जातो. कोळशाच्या बॉयलरला ती चालत नाही. नळ्या आणि व्हॉल्व्ह जोडायला बॉयलरवर जे आट्याचे बुश बसवायचे तेही पितळेचे नकोत. गरम पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे ठिसूळ सांगाडा राहतो. माझे सगळे बुश फॉस्फर ब्राँझचे आहेत.

तांबं उष्णता इतक्या झपाट्यानं पसरवतं की एक कोपरा तापवायचा तर सगळा बॉयलर तापवावा लागतो. भोवती उष्णतारोधक विटांची चूल रचली, व्यावसायिक सिलिंडर आणला, मोठा बर्नर माझ्या हातात आणि छोटा मुलाच्या. सांध्यात केसाएवढी फट हवी, त्याच फटीतून झाळ स्वतःला आत ओढून घेते. फट कायम राहावी म्हणून प्लेटच्या काठावर सेंटर पंचचे ठिपके मारले. बॉयलर मंद लाल झाला आणि चांदीची काडी टेकवल्याबरोबर ती पाण्यासारखी पातळ होऊन सांध्याच्या पलीकडच्या बाजूला चमकली. मुलाच्या तोंडून "आलं, आलं" निघालं, तेव्हा पाहिजे तिथपर्यंत झाळ पोचल्याचं मला कळलं. प्रत्येक वेळेनंतर बॉयलर सायट्रिक अ‍ॅसिडच्या टबात रात्रभर, सकाळी घासून प्रत्येक सांधा भिंगाखाली.

चाचणीला तात्यांना बोलावलं. तात्या आमच्याच गल्लीत राहतात. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात त्यांचा जन्म बॉयलर अटेंडंट म्हणून गेला, गाळपाचा हंगाम म्हणजे रात्रपाळी आणि भुश्शाची धग. माझा बॉयलर त्यांनी मांडीवर घेऊन फिरवून पाहिला. मला वाटलं होतं खेळणं म्हणून हसतील. ते म्हणाले, "वाफंला ल्हान-मोठं कळत न्हाई. दुप्पट लावा." ब्रिटनमध्ये अशा छोट्या बॉयलरांना हौशी संस्थांचे तपासनीस असतात, तिथेही नियम हाच: पहिली चाचणी कामाच्या प्रेशरच्या दुप्पट, पुढच्या दीडपट, आणि ती गार पाण्यानं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर एक पिचकारी उडते आणि प्रेशर उतरतं. हवेनं चाचणी कधीच करायची नाही, हवा दाबून साठते आणि फुटताना सगळी एकदम सुटते.

आतली सगळी हवा काढून बॉयलर काठोकाठ भरला, हातपंप लावला आणि एकाऐवजी दोन प्रेशर गेज जोडले. ४० पौंड, ८०, १२०. प्रत्येक टप्प्यावर थांबून सपाट भिंतींवर पट्टी ठेवून फुगवटा पाहायचा. १२० ला फायरबॉक्सच्या एका स्टेच्या डोक्याशी घामासारखा थेंब आला. पाणी काढून, बॉयलर साफ करून, तो स्टे पुन्हा तापवून झाळ फिरवली. नंतरच्या चाचणीत १६० पौंडांना अर्धा तास काटा हलला नाही. तात्या तो पूर्ण अर्धा तास स्टुलावर बसून होते. मग उठले आणि म्हणाले, "आता सेफ्टी."

सेफ्टी व्हॉल्व्ह दोन आहेत. त्यांची परीक्षा इंजिन पेटवूनच होते: जाळ पूर्ण धगधगता, चिमणीत वाफ फुंकून जाळ फुलवणारा ब्लोअर पूर्ण उघडा, वाफ कुठेच वापरायची नाही, आणि तरीही प्रेशर ठरलेल्या आकड्याच्या दहा टक्क्यांपलीकडे चढता कामा नये. म्हणजे ८० च्या बॉयलरला ८८ ही शेवटची हद्द. माझे व्हॉल्व्ह ८० ला उघडतात आणि ८४ च्या वर काटा जात नाही.

बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर तात्यांनी माझ्याकडून पुष्कळ काम करून घेतलं. काचेची नळी सहाने भागून बारीक घेतली तर पृष्ठताणामुळे पाणी तिच्यात अडकून बसतं, मधे बुडबुडा राहतो आणि बॉयलर रिकामा होत आला तरी काच भरलेली दिसते. म्हणून काच मुद्दाम जाड घेतली, आतून सहा मिलिमीटर. दिसायला ती इंजिनाच्या मानानं मोठी आहे आणि मोठीच राहणार. तात्यांचा नियम असा की पाणी दिसतंय म्हणून विश्वास ठेवायचा नाही. खालचा कॉक उघडून काच फुंकायची, बंद केल्यावर पाणी उसळून वर आलं तरच ते खरं.

आधी कॉम्प्रेसरच्या हवेवर, उलटं टेकवून, इंजिन फिरवून घेतलं होतं. पण हवा आणि वाफ यांत फरक आहे. वाफ गार सिलिंडरला लागली की पाणी होते, आणि छोट्या इंजिनात घनफळाच्या मानानं पृष्ठभाग जास्त म्हणून हे फार होतं. सिलिंडरमध्ये पाणी साठलं आणि पिस्टन त्यावर आपटला तर कव्हर फुटतं. म्हणून सुटताना ड्रेन कॉक उघडे, पहिल्या काही फेऱ्या फुसफुसत, मग बंद. सिलिंडरच्या तेलासाठी डिस्प्लेसमेंट लुब्रिकेटर आहे. त्यात वाफ शिरून गार होते, तिचं पाणी तळाला बसतं आणि तेवढंच घट्ट तेल वरून वाफेच्या नळीत ढकललं जातं. एकही हलता भाग नाही. या सगळ्या यंत्रात मला सगळ्यात सुंदर वाटलेली गोष्ट हीच.

जळणाचा प्रश्न आपल्याकडे खरा कठीण. देशी कोळशात राख फार. छोट्या जाळीवर ती पाच-दहा मिनिटांत वितळून खडा होऊन बसते आणि जाळ गुदमरतो. बाभळीचा लोणारी कोळसा पेटायला उत्तम, पण हलका असल्यामुळे एकसारखा टाकत राहावा लागतो आणि ठिणग्या उडतात. शेवटी इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसच्या बॉयलरवाल्यांकडून कमी राखेचा कोळसा मिळाला. तो फोडून, चाळून, हरभऱ्याहून जरा मोठे खडे वेगळे काढले. पेटवायला स्पिरिटमध्ये भिजवलेला लोणारी कोळसा, चिमणीवर छोटा विजेचा पंखा, प्रेशर २० पौंड आलं की पंखा काढून इंजिनाचाच ब्लोअर. पाणी पावसाचं, पत्र्यावरून धरून गाळलेलं. बोअरच्या पाण्याचा क्षार नळ्यांवर मला नको होता.

रूळ तासगावजवळ एका मित्राच्या द्राक्षबागेच्या कडेला टाकले, उभ्या लोखंडी पट्ट्या आणि सागवानी तुकड्यांचे स्लीपर. सरळ मार्ग, जाऊन परत यायचं. पहिल्या दिवशी रिकामं इंजिन सोडलं, तर ते नीट चाललं पण धाप लागल्यासारखं. सिलिंडरमधून सुटलेल्या वाफेचा झोत चिमणीतून जाताना जाळाला हवा ओढतो, तो मधोमध जात नव्हता. चिमणीत बसेल असा गोल ठोकळा लेथवर करून, त्याच्या मधल्या भोकातून सळई घालून हा झोत सोडणारा ब्लास्ट पाइप सरळ केला. त्यानंतर जेवढं जास्त ओझं तेवढा झोत जोरात, तेवढा जाळ तेजीत आणि तेवढी वाफ जास्त, हे चक्र सुरू झालं. मोठी इंजिनं जिच्यावर चालत आली ती युक्ती माझ्या हातभर चिमणीत चालताना पाहिली. मग मागच्या गाडीवर मित्र, त्याची आई आणि तात्या असे तिघं बसले. रेग्युलेटर जरा उघडला, इंजिन दोनदा घसरलं, तिसऱ्या फेरीला धरलं आणि गाडी निघाली. मित्राच्या आई पंढरीच्या वारीला याच बार्शी लाइटनं गेलेल्या. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत त्या उतरायला तयार नव्हत्या, आणि तात्या प्रत्येक टोकाला काच फुंकायला लावत होते.

सध्या अ‍ॅक्सलवरचा पंप आणि एक हातपंप यांवर बॉयलरला पाणी जातं. पाणी घालायचे दोन स्वतंत्र मार्ग असल्याशिवाय मी जाळ पेटवत नाही. तिसरा म्हणून इंजेक्टर, म्हणजे वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा भाग, करायला घेतला आहे. त्याच्या कोनातलं भोक एक मिलिमीटरहूनही बारीक असतं, त्यासाठीचे टेपर रीमर सिल्व्हर स्टीलमधून घरीच घासून, पाणी देऊन करावे लागतात, आणि टाकीतलं पाणी कोमट झालं की तो चालत नाही. त्यामुळे टाक्या आणि बॉयलर यांच्यामध्ये लाकडाची पट्टी घालून हवा खेळती ठेवायचा बदल आधी करणार आहे. बॉयलरची पुढची चाचणी, १२० पौंडांची, पावसाळ्यानंतर.

चाकांचे आणि सिलिंडरचे पॅटर्न माझ्याकडे नीट आहेत. सांगली, सातारा, कोल्हापूर भागात कुणी पाच इंची इंजिन करायला घेणार असेल तर ते खुशाल न्यावेत. मोल्डरनं सांगितलेली कोपऱ्यांची गोलाई त्यांत आता कायमची कोरलेली आहे. आणि चार-पाच जणांची चाकं एकदम ओतायची असतील तर फौंड्रीवाले नाही म्हणणार नाहीत.